भूक वाढली, वजन घटले : म्हाताऱ्या मांजरीचे थायरॉईड

वाचकाचे पत्र : "आमची ठमी १३ वर्षांची आहे. वर्षभरात तिचे वजन ४.२ किलोवरून २.९ किलोवर आले, पण भूक मात्र दुप्पट झाली. पहाटे ४ वाजता ती ओरडून घर डोक्यावर घेते, न्हाणीघरातल्या बादलीतले पाणी पिते, आठवड्यातून दोन-तीनदा ओकते. दोनदा जंताचे औषध दिले, काही फरक पडला नाही. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. ते माणसांच्याच लॅबमध्ये तपासले. टी-४ ९.२ आले आणि शेजारी ५ ते १२ अशी मर्यादा छापली आहे. म्हणजे नॉर्मलच ना? तरी डॉक्टर म्हणतात की थायरॉईड वाढले आहे. क्रिएटिनिन १.१ आहे. मी स्वतः २० वर्षे थायरॉईडची गोळी घेते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, त्यातलीच पाव गोळी तिला द्या. सून गरोदर असल्यामुळे घरात औषधे हाताळायचीही धास्ती वाटते. आणि खरे सांगा, या वयात मांजरीचे हे सगळे करावे का?" — एक वाचक, चिपळूण

सप्रेम नमस्कार.

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ती आजपासूनच पाळावी : तुमची गोळी ठमीला देऊ नका, पावही नको आणि चिमूटभरही नको. आपल्याकडे एखाद्याला "थायरॉईड आहे" असे म्हटले की बहुतेक वेळा ग्रंथी कमी काम करते असाच त्याचा अर्थ असतो. अंग जड होते, वजन वाढते, थकवा येतो आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. म्हाताऱ्या मांजरांमध्ये नेमके याच्या उलट घडते. त्यांची ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त संप्रेरक तयार करू लागते, आणि तुमच्या गोळीत असते ते हेच संप्रेरक. ज्याच्या अतिरेकाने ठमी खंगते आहे, तेच तिच्या पोटात आणखी घालणे म्हणजे आधीच धावून दमलेल्या तिच्या हृदयावर नवा भार टाकणे होईल. वहिनींचा हेतू चांगला आहे, पण दोन्ही आजारांना एकच नाव चिकटल्यामुळे हा घोटाळा घरोघरी होतो, म्हणून इतके स्पष्ट लिहिले.

आता रिपोर्टविषयी. तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे आणि लॅबनेही आकडा चुकीचा दिलेला नाही. चुकला आहे तो शेजारी छापलेला पट्टा. टी-४ म्हणजे थायरॉक्सिन हेच संप्रेरक. त्याचा रेणू माणसात आणि मांजरात एकच असल्यामुळे माणसांच्या यंत्रावर तो मोजता येतो, पण लॅबच्या छापील फॉर्मवर असलेली ५ ते १२ ही मर्यादा माणसांची आहे. निरोगी मांजरीचे टी-४ त्याच एककात साधारण १ ते ४ च्या दरम्यान असते, आणि वय झालेल्या मांजरीचे त्यातही खालच्या अंगाला असते. म्हणजे ९.२ हा आकडा ठमीच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. छोट्या गावांत जनावरांची स्वतंत्र लॅब नसते, नमुना माणसांच्या लॅबमध्ये जातो आणि रिपोर्टवर तांबडी खूण नसल्याचे पाहून घरचे लोक निश्चिंत होतात. माझ्याकडे असे रिपोर्ट घेऊन लोक येतात, आणि त्यातले काही जण सहा-आठ महिने उशिरा आलेले असतात. तुमच्या डॉक्टरांनी त्या छापील पट्ट्यावर विसंबून न राहता मांजरीकडे पाहून निदान केले, म्हणून त्यांना सोडू नका. एवढेच लक्षात ठेवा की माणसांची टीएसएच चाचणी (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाची) मात्र मांजरासाठी उपयोगाची नाही, कारण मांजराचे टीएसएच तिला नीट ओळखता येत नाही. त्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. आणि पुढच्या प्रत्येक वेळी टी-४ एकाच लॅबमधून करून घ्यावे, नाहीतर दोन यंत्रांमधला फरक हा औषधाचा परिणाम समजून मात्रा बदलली जाईल.

ही ग्रंथी गळ्यात, श्वासनलिकेच्या दोन बाजूंना दोन बारीक भागांच्या रूपात असते आणि निरोगी मांजरीत ती बोटाला लागतही नाही. वय झाल्यावर तिच्यात गाठी वाढू लागतात. दहापैकी सुमारे सात मांजरांत दोन्ही बाजूंना त्या असतात. शंभरातल्या दोन-तीन मांजरांमध्येच त्या कर्करोगाच्या निघतात, बाकीच्या साध्या वाढीच्या असतात, पण साध्या असूनही मेंदूकडून येणारा "आता पुरे" हा निरोप न जुमानता संप्रेरक ओतत राहतात. त्या संप्रेरकामुळे शरीरातली प्रत्येक पेशी अधिक वेगाने जळू लागते. म्हणून खाल्लेले अंगी लागत नाही, स्नायू झिजतात, हृदय धडधडते, आतडी घाईने चालतात, तहान वाढते आणि झोप उडते. तुम्ही लिहिलेले पहाटेचे ओरडणे हट्ट किंवा वेड नव्हे, आणि ओकारी म्हणजे नुसते केसांचे गोळे नव्हेत. बहुतेक वेळा हे सगळे एकाच मुळातून येते. काही मांजरे मात्र याच आजारात मलूल पडतात आणि खाणे सोडतात. ती थोडी असतात, पण त्यांची अवस्था अधिक नाजूक असते, त्यामुळे ठमीची भूक अचानक मेली तर तो बरे वाटल्याचा पुरावा समजू नये.

तुम्ही तिला मांडीवर घ्याल तेव्हा पाठीच्या कण्यावरून हलकेच अंगठा फिरवून पाहा. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना जिथे मांसाचा पट्टा लागायला हवा तिथे खोलगट खाच लागत असेल आणि मणके एकेक करून मोजता येत असतील, तर तो स्नायूंचा क्षय आहे. वरून केस दाट असल्यामुळे तो डोळ्याला दिसत नाही आणि रोज पाहणाऱ्या माणसाला तर मुळीच दिसत नाही. ४.२ वरून २.९ किलो म्हणजे तिच्या शरीराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गेला. साठ किलोच्या माणसाचे वजन वर्षभरात एक्केचाळीसवर आले असते तर आपण त्याला "वय झाले" म्हणून घरात बसवून ठेवले नसते.

"वय झाले" हा शब्द पशुवैद्यकांच्याही तोंडी फार काळ होता. मांजरांमधला हा आजार वैद्यकीय साहित्यात प्रथम नोंदला गेला तो १९७९ मध्ये, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांकडून, आणि आज दहा वर्षांवरील मांजरांमध्ये संप्रेरकांच्या बिघाडामुळे होणारा हाच सर्वांत नेहमीचा आजार मानला जातो. निदान होते तेव्हा मांजरांचे सरासरी वय बारा-तेरा असते, म्हणजे ठमीएवढेच. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, अंगणात वावरणारी मांजरे पूर्वी या वयापर्यंत पोचतच नसत. कुत्री, गाड्या आणि साप त्यांना आधीच नेत. आता नसबंदी, लस आणि बंद फ्लॅट यांमुळे ती पंधरा-सोळा वर्षे जगतात आणि हे आजार आपल्या पाहण्यात येऊ लागले आहेत. माझे मत असे आहे की दहाव्या वाढदिवसानंतर प्रत्येक मांजरीचे रक्त, लघवी आणि टी-४ वर्षातून एकदा तपासावे. पण ते ठमीसाठी आता मागे पडले आहे, म्हणून पुढे जाऊ.

९.२ सारख्या आकड्यानंतर निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. तरी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारावी : रक्तातली साखर पाहिली का? मधुमेहातही मांजर भरपूर खाते, पाणी पिते आणि वाळते. आतड्यांचा जुनाट दाह आणि आतड्यांतला लिम्फोमा हा कर्करोग यांतही हेच चित्र दिसते, आणि म्हाताऱ्या मांजरीला एका वेळी एकच आजार असावा असा काही नियम नाही. थायरॉईड आटोक्यात आल्यावरही ओकाऱ्या चालूच राहिल्या आणि वजन वाढले नाही, तर पोटाची सोनोग्राफी करावी. आज लगेच तिच्या मागे लागू नये. रिपोर्टमध्ये यकृताचे आकडे थोडे वाढलेले असतील तर घाबरू नका. या आजारात ते वाढतातच आणि थायरॉईड उतरल्यावर बहुधा आपोआप खाली येतात.

क्रिएटिनिन १.१ असल्यामुळे किडन्या ठीक आहेत असे तुम्ही गृहीत धरले आहे. इथे मात्र मला थोडे थांबून लिहायला हवे, कारण ठमीच्या पुढच्या उपचाराची सगळी गोम इथेच आहे. क्रिएटिनिन हा किडन्यांनी गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ. तो तयार होतो स्नायूंतून, आणि तिचे स्नायू झिजले आहेत, म्हणून ते मुळातच कमी बनते. शिवाय वाढलेल्या थायरॉईडमुळे हृदय किडन्यांमधून जोराने रक्त ढकलते, त्यामुळे अशक्त किडन्याही जास्त गाळतात आणि रक्त स्वच्छ दिसते. पावसाळ्यात वाशिष्ठी भरून वाहू लागली की तळातले खडक दिसत नाहीत, पण पाणी ओसरल्यावर ते होते तिथेच उभे असतात. तसेच थायरॉईड खाली आणल्यावर किडनीचा आजार उघडा पडतो आणि घरच्यांना वाटते की औषधाने किडन्या खराब केल्या. औषधाने त्या खराब केलेल्या नसतात. झाकलेले तेवढे उघडे पडलेले असते. पण थायरॉईड एकदम आणि फार खाली नेले तर अशक्त किडन्यांना रक्तपुरवठा कमी पडून खरोखर इजा होऊ शकते. म्हणून औषध सुरू करण्याआधी लघवीची घनता पाहावी, जमले तर एसडीएमए ही किडन्यांची रक्तचाचणी करावी (स्नायू कमी झाल्याने तिच्यावर क्रिएटिनिनइतका परिणाम होत नाही), आणि औषधाची सुरुवात लहान मात्रेने करून दर दोन-तीन आठवड्यांनी टी-४ आणि क्रिएटिनिन दोन्ही एकत्र तपासावेत. नुसते टी-४ तपासून समाधान मानू नये. टी-४ मर्यादेच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे साधारण १ ते २.५ च्या दरम्यान, स्थिरावले म्हणजे बस. ते १ च्याही खाली गेले आणि क्रिएटिनिन चढले तर ते यश नव्हे, आणि तेव्हा मात्रा कमी करून घ्यावी. किडनीचा आजार पुढे आलाच तर त्यावर उपचार आहेत. आहार, पाणी, फॉस्फरसवर ताबा आणि गरजेप्रमाणे सलाइन यांवर मांजरे बराच काळ चांगली राहतात. तेवढ्यासाठी थायरॉईड वाढलेलेच ठेवणे हा मार्ग नव्हे, कारण तो जोर हृदय आणि किडन्या दोघांनाही झिजवतो.

दुसरी तपासणी रक्तदाबाची, आणि ती तुमच्या पत्रात कुठेही नाही. या आजाराच्या मांजरांमध्ये, आणि विशेषतः ज्यांच्या किडन्याही अशक्त असतात त्यांच्यात, रक्तदाब वाढलेला असू शकतो. काही वेळा तो थायरॉईड आटोक्यात आल्यावर पुढे येतो. मी व्यवसायाला सुरुवात केली त्या काळातली एक गोष्ट अजून मनातून जात नाही. एक बोका औषधावर छान सुधारत होता, वजन धरत होता, आणि दोन महिन्यांनी त्याचे घरचे लोक त्याला घेऊन आले ते "हा खुर्चीच्या पायाला धडकतो" असे सांगत. मी त्याच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, तर दोन्ही बाहुल्या मोठ्या ताटल्यांसारख्या उघड्याच राहिल्या. रक्तदाबाने डोळ्यांमागचा पडदा सुटला होता. मी आधी रक्तदाब मोजला असता तर त्याची दृष्टी राहिली असती. तेव्हापासून दहा वर्षांवरच्या एकाही मांजराला मी रक्तदाब मोजल्याशिवाय परत पाठवत नाही. हा दाब पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटी पट्टी बांधून मोजतात. मांजरीला आधी पाच-दहा मिनिटे शांत बसू द्यावे आणि पाच-सहा वाचने घ्यावीत, कारण भीतीनेही आकडा चढतो. वरचा दाब पुन्हा पुन्हा १६० च्या वर येत असेल तर डॉक्टर बहुधा ॲम्लोडिपिन देतील. ते माणसांचेच औषध आहे, पण मांजरीची मात्रा अत्यल्प असते, म्हणून घरातल्या डबीतून काढून देऊ नये. तुमच्या डॉक्टरांकडे रक्तदाबाचे यंत्र नसेल तर कुंभार्ली घाट चढून शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात, किंवा मुंबईला जाणे होणार असेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. जाण्याआधी फोन करून यंत्र आणि वेळ यांची खात्री करून घ्या, आणि प्रवास उन्हात करू नका. या आजाराच्या मांजरीला उष्णता सोसत नाही, आणि तोंड उघडून धापा टाकणे हे तिच्या हृदयाचे गाऱ्हाणे असते.

आता औषध. आपल्याकडे मिळणारा व्यवहार्य मार्ग म्हणजे मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोल. कार्बिमॅझोल शरीरात गेल्यावर मेथिमॅझोलच होते, आणि माणसांसाठीच्या गोळ्यांच्या रूपात ते औषधांच्या दुकानांत मिळते. दोन्ही औषधे ग्रंथीला नवे संप्रेरक बनवू देत नाहीत, पण गाठ विरघळवत नाहीत, त्यामुळे गोळी जन्मभर चालते आणि काही वर्षांनी मात्रा वाढवावीही लागते. मेथिमॅझोलची सुरुवात सहसा १.२५ ते २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, अशी करतात. इथे एक सावधगिरी : ५ मिलिग्रॅम कार्बिमॅझोल म्हणजे साधारण ३ मिलिग्रॅम मेथिमॅझोल होते. दुकानात एक नाही म्हणून दुसरे "तेच आहे" असे सांगून हातावर ठेवले तर आकडा तोच ठेवून गोळी सुरू करू नका. डॉक्टरांना फोन करून मात्रा लिहूनच घ्या. गोळ्यांचा परिणाम रक्तात दोन-तीन आठवड्यांत दिसतो, आणि औषध बंद केले की दोन दिवसांत संप्रेरक पुन्हा चढू लागते, म्हणून बरी झाली असे वाटून मधेच खंड पाडू नये.

गोळी द्यायची कशी, हे तुम्ही विचारलेले नाही, पण या आजारात माणसे हरतात ती इथेच. गोळी कडू असते आणि कुटली की कडवटपणा दुप्पट होतो. एकदा ती चव लागली की मांजर त्या वाटीकडे पुन्हा फिरकत नाही. म्हणून कुटून मुख्य जेवणात मिसळू नका. उकडलेली कोंबडी बोटांनी मळून वाटाण्याएवढ्या चार गोळ्या करा. पहिल्या दोन रिकाम्या द्या, तिसरीत औषध दडवा, आणि चौथी तिसरी घशाखाली जायच्या आत तिच्या नाकासमोर धरा, म्हणजे ती चावत बसणार नाही. भूक लागलेली असते तेव्हा, म्हणजे तिच्या पहाटेच्या त्या वेळीच, हे सहज साधते. काहीच जमले नाही तर कानाच्या आतल्या, केस नसलेल्या भागाला लावायचे मलम बनवून देणारी काही औषधालये मोठ्या शहरांत आहेत. त्यात पोटाचा त्रास कमी होतो, पण परिणाम थोडा उशिरा आणि कमी-अधिक होतो. कान रोज बदलावा आणि लावताना हातमोजे घालावेत.

हातमोज्यांवरून तुमच्या सुनेकडे येतो. तुमची धास्ती रास्त आहे. ही औषधे गर्भाला अपाय करू शकतात. सुनेने गोळीला, मलमाला किंवा मलम लावलेल्या कानाला हात लावू नये, आणि ठमीच्या शी-शूचा ट्रेही साफ करू नये. तो तर तसाही गरोदरपणात टोक्सोप्लाझ्मा या मांजरीच्या विष्ठेतून पसरणाऱ्या परजीवीच्या भीतीमुळे दुसऱ्याने साफ करायचा असतो. तुम्ही स्वतः गोळी मोडणार असाल तर हातमोजे घाला, मोडलेला तुकडा वेगळ्या झाकणाच्या डबीत ठेवा, पाटी-सुरी लगेच धुवा, आणि ओकारी झाली तर ती हातमोजे घालूनच पुसा. एवढे पाळले तर तिला घरात राहायला आणि ठमीला जवळ घेऊन बसायला काहीच हरकत नाही. मलम वापरत असाल तर ते लावल्यावर काही तास तिने ठमीचे डोके-कान कुरवाळू नयेत.

औषधाचे त्रास बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच दिसतात. थोडी भूक मंदावणे आणि ओकारी हे सौम्य असून मात्रा कमी केल्याने थांबतात. पण डोळा आणि कान यांमधल्या भागाला ती रक्त येईतो खाजवू लागली, हिरड्या किंवा डोळ्यांचे पांढरे पिवळे दिसले, नाकातून रक्त आले, किंवा ती तापाने निपचित पडली, तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. म्हणूनच सुरुवातीच्या तपासण्यांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही मोजून घ्यायच्या असतात.

इतर मार्गांबद्दल थोडक्यात. किरणोत्सारी आयोडीनचे एकच इंजेक्शन रोगट भागच जाळून टाकते आणि शंभरपैकी सुमारे पंचाण्णव मांजरे त्यामुळे कायमची बरी होतात. ब्रिटन-अमेरिकेत तो पहिल्या पसंतीचा उपचार आहे, पण त्यासाठी परवाना असलेली बंदिस्त जागा लागते आणि मांजरीला काही दिवस ते ते नियम पाळून वेगळे ठेवावे लागते. तो मिळेल या आशेवर ठमीची गोळी लांबवू नका. शस्त्रक्रियेने गाठ काढता येते, मात्र तिथल्याच परावटू (पॅराथायरॉईड) ग्रंथींना धक्का लागून कॅल्शियम एकदम घसरण्याचा धोका असतो, आणि आजच्या तिच्या हृदयाला भूल सोसणार नाही. आधी गोळीने स्थिर करावे, पुढे डॉक्टरांशी बोलावे. तिसरा मार्ग आयोडीन जवळजवळ नसलेल्या खास खाद्याचा. तो चालतो, पण आयुष्यभर दुसरे काहीही तोंडात जाता कामा नये या अटीवर. चिपळूणच्या ज्या घरात बोंबील आणि मांदेली येतात तिथे ही अट पाळली जाणार नाही, असे मला वाटते. एखादा तुकडा चोरून खाल्ला की सगळे पाण्यात जाते.

गोळी चालू असताना मासे बंद करायची गरज नाही. शिजवलेला, काटे काढलेला, बिनमिठाचा मासा थोडा थोडा चालेल. खारवलेला सुका बोंबील आणि सुकट मात्र थांबवा, कारण त्यातले मीठ तिच्या रक्तदाबाला आणि किडन्यांना घातक आहे. घरातले मीठ आयोडीनयुक्त आहे म्हणून बदलून, किंवा कोणी सांगितले म्हणून काढे-चूर्ण देऊन, ही ग्रंथी आवरत नाही. आत्ता तिला प्रथिनांची भूक आहे. उकडलेली कोंबडी, अंडे आणि तिचे नेहमीचे मांजरांचे खाद्य दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या. किडनीचे कमी प्रथिनांचे खाद्य किडनीचा आजार सिद्ध झाल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर उरलेले स्नायूही जातील. पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, आणि तिला बादलीच आवडत असेल तर बादली स्वच्छ ठेवून भरलेली राहू द्या.

एक वही करा. दर रविवारी, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टोपली ठेवून काटा शून्य करा, टोपलीत ठमीला बसवा आणि ग्रॅममध्ये वजन लिहा. माणसांच्या काट्यावर तिला कडेवर घेऊन उभे राहिले तर शंभर-दोनशे ग्रॅमची चूक होते, आणि तिच्यासाठी तेवढे ग्रॅम म्हणजे महिन्याची कमाई आहे. ती गाढ झोपलेली असताना मिनिटभर छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. नेहमी तीसच्या आत हवे. ते पुन्हा पुन्हा तीसच्या वर जात असेल तर फुप्फुसांत पाणी साचत असल्याचा संशय धरावा आणि लगेच दाखवावे. ओकारी किती वेळा झाली, गोळी कधी चुकली, आणि पहाटे किती वाजता उठवले, हेही लिहा. डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. त्यात ठमीविषयी जितकी काळजी आहे तितकीच लोक काय म्हणतील याचीही असावी, असे मला वाचताना वाटले. १३ हे मांजरीचे मरायचे वय नव्हे. किडन्या तग धरून असतील तर या आजाराची मांजरे औषधावर आणखी काही वर्षे आरामात काढतात, अंगावर मांस धरतात, उन्हात जाऊन बसतात. उपचार न केल्यास मात्र शेवट हृदयाने किंवा उपासमारीने होतो, आणि तो सोपा नसतो. खर्च गोळ्यांचा फार नाही. तो तपासण्यांचा आहे, आणि पहिल्या तीन-चार महिन्यांतच जास्त आहे. पुढे दर चार-सहा महिन्यांनी एक रक्ततपासणी पुरते. तेवढे तुम्हाला झेपत असेल तर करावे, असे माझे मत आहे. किडन्या अगदीच गेलेल्या निघाल्या, किंवा गोळीने ती रोज भिऊन तुमच्यापासून लपू लागली, तर त्या वेळी मी वेगळे उत्तर देईन, आणि ते देताना तुम्हाला अपराधी वाटू देणार नाही.

या आठवड्यात लघवी, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, त्यानंतर गोळी सुरू करा, आणि तिसऱ्या आठवड्याचे टी-४ व क्रिएटिनिन हाती आले की दोन्ही आकडे वहीतल्या वजनासह मला कळवा. गोळीचा असर पडेपर्यंत पहाटे ४ ला ती उठवेलच. तिला रागावू नका आणि दारही बंद करू नका. तिची भूक खरी आहे, म्हणून झोपताना एक वाटी भरून उशाशी ठेवा आणि तिला खाऊ द्या.